बांबोळीची बस पकडण्याआधी: नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातली प्लेसमेंट

शेवटच्या वर्षाला येईपर्यंत बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची काळजी) सगळं हाताला बसलेलं असतं. सिस्टर सांगतील ते करायचं, सही घ्यायची, होस्टेल गाठायचं. चौथ्या वर्षी वॉर्ड तेच असतात, खाटा त्याच, फिनाइलचा वासही तोच. पण तुमच्याकडून अपेक्षा बदललेली असते, आणि ती बदलली हे कुणी बोलावून सांगत नाही. आतापर्यंत तुम्हाला कामं वाटून दिली जायची, आता पेशंट वाटून दिले जातात. चार, पाच, गर्दीच्या दिवशी आठसुद्धा. दुपारी दोन ते रात्री आठ या वेळात त्या पेशंटमध्ये जे काही बदलेल, ते आधी तुम्हाला दिसलं पाहिजे आणि दिसल्यावर तोंड उघडता आलं पाहिजे. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे हॉस्पिटलातल्या या प्रत्यक्ष ड्यूटीत, शिकायचं ते हेच, असं माझं मत आहे. इंजेक्शनं काय, सवयीनं येतातच.

मी गोव्यातच शिकले, गोव्यातच नोकरी केली आणि काही वर्षांपासून मुला-मुलींना वॉर्डात घेऊन जाते. कॉलेजच्या फाइलमध्ये जे छापलेलं आहे ते इथं परत लिहीत नाही.

आधी तासांचा हिशेब

आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) २०२१ नंतरच्या सेमिस्टर अभ्यासक्रमात बीएस्सी नर्सिंगचं आठवं सेमिस्टर म्हणजे इंटर्नशिप. एकूण २२ आठवडे. त्यातले सहा अ‍ॅडल्ट हेल्थचे, आणि कम्युनिटी, चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ, मिडवाइफरी यांना प्रत्येकी चार. आठवड्याला ४८ तास धरले तर १,०५६ तास होतात. थिअरीला हजेरी ८० टक्के चालते, प्रॅक्टिकलला पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक विभागात १०० टक्के भरावी लागते. इथंच दरवर्षी कुणीतरी अडकतं. शिगम्याला दोन दिवस, मावसबहिणीच्या लग्नाला तीन, तापाला चार. हे दिवस माफ होत नाहीत, भरून द्यावे लागतात, आणि ते देताना तुमची बॅच पुढं गेलेली असते. अनोळखी गटात एकटीनं नाइट करायची वेळ येते. म्हणून पहिल्या दिवसापासून आपले तास आपण वेगळ्या वहीत लिहा. कॉलेजचं रजिस्टर आणि वॉर्डचं रजिस्टर यांत फरक पडला तर ती वहीच कामी येते.

कुठं पाठवतील

बहुतेकांचा मोठा मुक्काम बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. १८४२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा, पण इतिहासापेक्षा तुम्हाला आधी कळेल ती गर्दी. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा पेशंट इथं येतो, शिवाय सीमेपलीकडचे बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, आणि खाली कारवार. मानसिक आरोग्याची पोस्टिंग त्याच टेकडीवर, आयपीएचबी या मानसोपचार हॉस्पिटलात. म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, फोंड्याचं उपजिल्हा हॉस्पिटल, आणि कम्युनिटीसाठी एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र असं चक्र साधारण फिरतं.

मोठ्या हॉस्पिटलात बघायला भरपूर मिळतं, करायला कमी. एमबीबीएसचे इंटर्न असतात, रेसिडेंट असतात, दुसऱ्या कॉलेजची मुलं असतात. एका कॅन्युलाभोवती (शिरेत घालायची नळी) पाच माणसं. लहान केंद्रात उलटं. तिथं दिवसाला फार केसेस येत नाहीत, पण जी येते ती तुमच्या हातात येते. वाळपईला नाव लागलं म्हणून तोंड पाडून बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात. महिन्यानं त्यांचाच हात सगळ्यांत साफ झालेला असतो.

प्रवासाचं आधीच ठरवा. पणजी-मडगाव नॉनस्टॉप शटलमध्ये चढण्याआधी ‘बांबोळीला थांबते का’ असं विचारून घ्या, नाहीतर गोमेकॉ खिडकीतून मागं जाताना दिसेल. संध्याकाळी आठनंतर गावाकडच्या बसेस विरळ होतात. दुपारच्या ड्यूटीनंतर ओव्हर देऊन (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती सोपवून) बाहेर पडेपर्यंत साडेआठ होतात, त्यामुळे घरून ये-जा करणाऱ्यांनी परतीची सोय ड्यूटी लागण्याआधी करावी. पायलट (मोटरसायकल टॅक्सी) मिळतो, पण रोजच्या खिशाला परवडत नाही. पावसाळ्यात बॅगेत एक जोडी कोरडे मोजे ठेवा. ओल्या मोज्यांत सहा तास उभं राहिल्यावर पायाची जी गत होते ती एकदा झाली की पुन्हा कुणी विसरत नाही.

आठवडाभर आधी

हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण असले पाहिजेत. शून्य, एक आणि सहा महिने असा क्रम आहे, म्हणजे आज जागे झालात तर सहा महिने लागणार. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, करून घ्या. दहाच्या वर आला की संरक्षण आहे असं धरतात. ‘डोस घेतलेत’ एवढ्यावर बरेच जण थांबतात, आणि शरीरानं प्रतिसाद दिला का हे तपासतच नाहीत.

खिशात काय हवं? सेकंद काटा असलेलं घड्याळ, निळं आणि लाल पेन, छोटी कात्री, खिशात मावेल अशी वही. मोबाइल लॉकरमध्ये. वॉर्डात काढलेला सेल्फी, मागं पेशंटचा पाय का असेना, तुमचं वर्ष बुडवू शकतो. रीलचं तर नावच काढू नका.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी हुशारी दाखवायला जाऊ नका, वॉर्ड पाठ करा. क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची आणि साहित्याची गाडी) कुठं आहे आणि तिच्या कुठल्या खणात काय आहे. सक्शन चालू करून बघा, नुसतं बघू नका. ऑक्सिजनचा फ्लो मीटर फिरवून बघा. भरलेला सिलिंडर कोणता आणि रिकामा कोणता, ते ओळखायची त्या वॉर्डची पद्धत विचारा. ब्लड बँकेचा आणि कॅज्युअल्टीचा (तातडीचा विभाग) एक्स्टेन्शन नंबर वहीत लिहा. पेशंट निळा पडत असताना अ‍ॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) शोधत फिरणारी विद्यार्थिनी ही काही काल्पनिक गोष्ट नाही.

कचऱ्याच्या बादल्या तुम्हाला पाठ असतीलच, तरी परीक्षेत लिहिणं वेगळं आणि हातात वापरलेला आयव्ही सेट असताना आठवणं वेगळं. पिवळ्यात रक्तानं माखलेला कापूस, ड्रेसिंग, वार (प्लासेंटा). लालमध्ये आयव्ही सेट, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. निळ्यात काच, म्हणजे व्हायल आणि अँप्यूल. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही. हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलंय, आणि तरी वॉर्डात एखादी सीनियर टोपण लावताना दिसेल. तिचं अनुकरण करायचं नाही. तिला शिकवायलाही जायचं नाही. आपला हात आवरायचा.

इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेटा, नाव सांगा, कुठल्या कॉलेजची, कुठल्या तारखेपर्यंत, आणि लॉगबुकातलं (करायच्या प्रोसिजरची नोंदवही) काय शिल्लक आहे ते एका कागदावर लिहून द्या. ‘सिस्टर, माझं कॅथेटरायझेशन अजून झालेलं नाही, केस आली तर मला हाक माराल का?’ एवढं विचारणारा विद्यार्थी त्यांच्या लक्षात राहतो. अटेंडंट मंडळींनाही नावानं ओळखा. वॉर्डात कुठली वस्तू खरोखर कुठं असते ते त्यांनाच माहीत असतं.

ओव्हर घेताना

ओव्हर चालू असताना मागं उभं राहून गप्पा मारणारे शेवटच्या वर्षालाही असतात. ओव्हर हा तुमच्या शिफ्टचा नकाशा आहे. कागदाचे चार उभे रकाने करा: बेड नंबर आणि निदान, नळ्या कुठल्या कुठल्या, वेळेला द्यायचं काय, आणि चौथ्या रकान्यात ‘काय बिघडू शकतं’. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. चौथा तुम्ही स्वतः विचार करून भरायचा. ऑपरेशनचा पहिला दिवस असेल तर रक्तस्राव, लघवी कमी होणं. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला मुलगा असेल (गोव्यात हे पेशंट रोज येतात) तर ग्लासगो स्कोअर (शुद्धीचं मोजमाप) घसरणं. साखरेचा पेशंट असेल आणि सकाळपासून उपाशी ठेवला असेल तर साखर खाली जाणं.

मग राउंड मारा. तोंडं बघा, नळ्या हातानं टोकापर्यंत तपासा, युरोबॅगेत किती आहे ते वाकून बघा. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर तरी लघवी झाली पाहिजे. दुपारी दोनला ओव्हर घेतला आणि पाचला बॅगेत तेवढंच, तर आधी नळी मुरडली आहे का बघा. मुरडलेली नसेल तर गप्प बसू नका.

आकडे खरे लिहा

टीपीआर चार्ट उघडून श्वासाचा रकाना बघा. वीस, वीस, बावीस, वीस. अख्ख्या वॉर्डचा श्वास वीस! न्यूमोनियाचा म्हातारा आणि डिस्चार्जची वाट बघत बसलेला तरुण, दोघेही मिनिटाला वीसच श्वास घेतात. मीही असे वीस लिहिलेत, खोटं कशाला सांगू.

एकदा एका विद्यार्थिनीला मी सर्जिकल वॉर्डात एका काकांजवळ उभी केली आणि म्हटलं, मनगट धर, नाडी मोजतेयस असं दाखव आणि पूर्ण मिनिट छाती मोज. आधीच्या शिफ्टचा आकडा वीस होता. तिनं मोजले तीस. काका बोलत होते, सूनबाई पेज घेऊन येतेय म्हणून सांगत होते, ताप नव्हता, बीपी ठीक होतं. फक्त वाक्याच्या मधे थांबून ते श्वास घेत होते. तिनं इन्चार्जना सांगितलं, डॉक्टर आले, आणि तासाभरात काका आयसीयूत गेले. माणूस बिघडायला लागतो तेव्हा पुष्कळदा सगळ्यांत आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच आपण अंदाजानं लिहितो. मनगट धरून मोजायचं कारण हे की श्वास मोजतायत असं कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो.

रात्री बाराचा चार्ट दहालाच भरून ठेवायची सवय तर मुळीच लावून घेऊ नका.

औषध देताना

बरोबर पेशंट, बरोबर औषध, डोस, मार्ग, वेळ. हे मी परत समजावत नाही. एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती माझ्याच हातून घडली.

आमच्या वेळी एका हॉस्पिटलात मी फीमेल मेडिकलला होते. एका आजींना जेवणाआधी १२ युनिट इन्सुलिन. वॉर्डातली व्हायल संपलेली, नातेवाईकांनी घरून आणलेली फ्रीजमध्ये होती. मी ट्रे लावला, लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज घेतली, बारा रेषांपर्यंत भरली आणि रात्रीच्या स्टाफ सिस्टरना दाखवली. त्यांनी सिरिंज बघितली, मग व्हायल हातात घेऊन दिव्याजवळ नेली आणि म्हणाल्या, ‘वाच बघू.’ मी नाव वाचलं. ‘नाव नको, खालचा आकडा वाच.’ तिथं १०० होतं.

आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या व्हायलसाठी, नारिंगी टोपणाची शंभरच्या. मी शंभरच्या व्हायलमधून लाल सिरिंजनं बारा रेषा भरल्या होत्या, म्हणजे ०.३ मिलिलिटर, म्हणजे ३० युनिट. आजी त्या दिवशी जेवल्याच नव्हत्या नीट. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी सिरिंज माझ्याच हातानं रिकामी करायला लावली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मला तो हिशेब कागदावर तीनदा करायला लावला. तेव्हापासून मी व्हायल आणि सिरिंज एकत्र धरून दोन्हींवरचे आकडे मोठ्यानं वाचते. कुणी हसलं तर हसू दे.

पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही. ते पातळ करून, हळूहळू, आणि विद्यार्थ्यानं एकट्यानं तर नाहीच. हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम या तिन्हींना दुसऱ्या माणसाची नजर लागलीच पाहिजे. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलू नका, कारण मोठी रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच येते. पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे.

ड्रिपचे थेंब मोजताना सेटच्या पाकिटावर बघा. साध्या सेटला बहुतेक वेळा मिलिलिटरला २० थेंब असतात, काहींना १५, मायक्रोला ६०. पाचशे मिलिलिटर आठ तासांत द्यायचं असेल, सेट वीसचा असेल, तर पाचशे गुणिले वीस भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. घड्याळ धरून मोजा. आणि पेशंट बाथरूमला जाऊन आला की पुन्हा मोजा, कारण हात वर-खाली झाला की वेग बदललेला असतो.

तोंड उघडायचं कसं

मुलींना पेशंट बिघडलेला दिसतो, हे मी खात्रीनं सांगते. सांगायचं कसं ते येत नाही. ‘सिस्टर, ते बेड चौदा जरा बघता का, कसंतरी वाटतंय’ असं म्हटलं की सिस्टर म्हणतात, आले हं. आणि त्यांच्या हातातली तीन कामं संपेपर्यंत वीस मिनिटं जातात. त्यात त्यांचीही चूक नाही. तुम्ही त्यांना घाईचं कारणच दिलेलं नसतं.

असं सांगा: ‘सिस्टर, बेड चौदा, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. दोन वाजता श्वास १८ होता, आता २८. सॅच्युरेशन ९१, नाडी ११८, पोट ताठ लागतंय. मला वाटतं डॉक्टरांना आत्ताच बोलवायला हवं.’ कोण, काय पार्श्वभूमी, काय मोजलं, काय हवं. वहीत याला एसबीएआर म्हणतात, पण नाव विसरलात तरी चालेल, आकडे विसरू नका. सांगायला जाण्याआधी आकडे घ्या, आणि आधीचा आकडा व आताचा आकडा दोन्ही सांगा. फरक ऐकल्यावर माणूस उठतो.

आणि उत्तर आलं नाही तर? पाच मिनिटांनी पुन्हा सांगा. तरी नाही, तर तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला फोन करा. कुणी ‘किती डोकं खातेस’ म्हणालं तर ऐकून घ्या. ते बोलणं रात्री होस्टेलवर लागेल खरं, पण सकाळी त्याच सिस्टर चहाला हाक मारतात.

जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सांगणं हेही यातच आलं. ‘मी हे फक्त पाहिलंय, केलेलं नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहाल?’ चौथ्या वर्षाला हे म्हणायची लाज वाटते, आणि त्या लाजेपोटीच चुका होतात.

जोर म्हणजे ताप

सिंधुदुर्गातून, कोल्हापूर-बेळगावकडून शिकायला आलेल्यांसाठी हे. गोव्याचे पेशंट कोकणीत बोलतील आणि तुम्हाला वाटेल की कळलं. एका मुलीनं हिस्ट्रीत लिहिलं होतं, ‘पेशंटच्या मते कालपासून शरीरात जोर आहे.’ बाई सांगत होत्या की कालपासून ताप आहे. कोकणीत जोर म्हणजे ताप. घुंवळ म्हणजे चक्कर, खोंकली म्हणजे खोकला, वखद म्हणजे औषध. ‘खंय दुखता?’ आणि ‘वखद घेतलें?’ ही दोन वाक्यं पहिल्याच दिवशी पाठ करा. म्हाताऱ्या ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात ‘दोतोर’ आला की समजा डॉक्टरांबद्दल चाललंय. बांधकामावरचे कामगार कन्नड किंवा हिंदी बोलतात, त्यांच्यासाठी वॉर्डात ती भाषा येणारं कोण आहे ते हेरून ठेवा. मान डोलावणं म्हणजे कळलं असं धरू नका. गोळ्या कधी घेणार ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

हिस्ट्री घेताना गाव आणि काम विचारायला विसरू नका. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात माकडताप आढळला, तेव्हापासून काजूच्या हंगामात सत्तरीतून तापाचा पेशंट आला की रानात गेला होता का, गोचीड चावली का, माकडं मेलेली दिसली का, हे विचारतात. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्याला ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात यायला हवा. निदान डॉक्टर करतील, पण पेशंट हे सगळं कपडे बदलताना तुमच्यापाशी बोलून जातो.

सुई टोचली तर

साबण-पाण्यानं धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच इन्चार्जना सांगा आणि कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. पेशंट एचआयव्हीबाधित असला तरी एचआयव्ही लागण्याचा धोका हजारात साधारण तीन इतकाच आहे, त्यामुळे घाबरून लपवण्यासारखं काही नाही. लपवलं तरच घोळ.

कम्युनिटी, आयपीएचबी, लेबर रूम

कम्युनिटीला विद्यार्थी सुट्टी समजतात. तसं नाही. केंद्रावर गेलात की आधी लसींचा आयएलआर (लसी ठेवायचा फ्रीज) उघडायच्या आत तापमानाचं रजिस्टर बघा, दोन ते आठ अंशांत असलं पाहिजे. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) लस एकदा मिसळली की चार तासांत संपवायची किंवा टाकायची. व्हायलवर मिसळल्याची वेळ लिहा, अंदाज नको.

घरभेटीला मात्र डोळे उघडे ठेवून जा. बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून आजी सांगतात, मीठ एकदम कमी केलंय, आमटीत घालतच नाही. तुम्ही बीपी घेता, १७०. मग बोलता बोलता कळतं की सकाळी अकराची पेज मिठाच्या पाण्यातल्या तोरांबरोबर (कैऱ्यांबरोबर) होते आणि पावसात मासळी नसते तेव्हा रोज सुकं खारं, म्हणजे खारवलेली मासळी. त्यांच्या हिशेबात ते मीठ नव्हेच! ‘मीठ कमी करा’ असं सांगून उपयोग नाही. आजी, तोर अर्धी खा, खारं भिजवून ते पाणी फेकून द्या, असं सांगितलं तर काहीतरी घडतं. चपला बाहेर काढा, कुत्रा बांधलाय का फाटकातूनच विचारा, आणि कोकमाचं सरबत दिलं तर घ्या.

आयपीएचबीला जाताना मुलांच्या डोक्यात पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा असतो: हात पसरलेला संमोहक आणि समोर कोसळणारी बाई. वॉर्डात तसं नाट्य नाही. तिथं बसून ऐकणं असतं, पुष्कळ ऐकणं. गोळी दिल्यावर ती गिळली का हे तोंड उघडायला लावून, जिभेखाली बघून खात्री करणं असतं. ओढणी, बेल्ट, कात्री आत न्यायची नाही, आणि गावातलं ओळखीचं कुणी भरती दिसलं तर ते त्याच्या घरच्यांनासुद्धा बाहेर बोलायचं नाही. गोवा लहान आहे. तुमच्या मामीला कळलं की वाड्याला कळलं.

लेबर रूममध्ये लॉगबुकची भूक सगळ्यांत जास्त असते, सगळ्यांनाच डिलिव्हरी मोजायच्या असतात. एखादी बाई कळा देत असताना पायाशी सहा विद्यार्थी उभे असतील तर तुम्ही डोक्याशी जा. तिचा हात धरा, पाणी पाजा, कळ कधी येते आणि किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजून पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) भरा. बाळंतपण झाल्यावर गर्भाशय कडक आहे का ते हातानं बघणं आणि पॅड किती भिजलं ते बघणं पहिल्या दोन तासांत सोडू नका. सगळे बाळाकडे धावतात तेव्हा आईकडे बघणारं कुणीतरी हवं, आणि तेव्हा मोकळे तुम्हीच असता.

सह्या

लॉगबुक रोज भरा. आठवड्याचं साठवून रविवारी भरलेलं लॉगबुक दिसताक्षणी ओळखता येतं, एकाच पेननं, एकाच अक्षरात. प्रोसिजर झाली की त्याच शिफ्टमध्ये सही घ्या. स्टाफ सिस्टरची बदली होते, त्या रजेवर जातात, आणि मग तुम्ही चवथीच्या आदल्या दिवशी त्यांचं घर शोधत डिचोलीत फिरता. मूल्यमापनाचा फॉर्म पोस्टिंग संपायच्या दोन दिवस आधी इन्चार्जना द्या, शेवटच्या दुपारी नको. त्यांनी कमी गुण दिलेले दिसले तर कुठं कमी पडले ते तिथंच विचारा आणि वहीत लिहून घ्या.

नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीला लागणाऱ्या कागदांची यादी कॉलेजच्या ऑफिसातून याच महिन्यात आणा. सगळ्या कागदांवरचं नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टशी जुळतंय का बघा. आणि लॉकरची चावी परत केल्याची पावती घ्यायला विसरू नका.